पळस बघायला जायचंय? मग महाशिवरात्रीपासूनच लक्ष ठेवा

सगळ्यात आधी तारखेचं सांगते, कारण बहुतेक जण इथंच चुकतात. पळस बघायचा असेल तर महाशिवरात्र ते रंगपंचमी हे वीसेक दिवस डोक्यात ठेवा आणि त्यातला मधला एखादा दिवस धरा, म्हणजे झाड भरलेलंही सापडतं आणि खाली सडाही पडलेला असतो. महाशिवरात्रीच्या आसपास फांद्यांवर नुसत्या काळ्या कळ्या असतात, शेंड्याकडं थोडं फुललेलं असतं, आणि रंगपंचमीपर्यंत बऱ्याच झाडांना कोवळ्या शेंगा लटकायला लागतात.

आता यात एक मेख आहे. अधिक महिना येऊन गेला की पुढची होळी लांबते, पळस मात्र आपल्या वेळेलाच फुलून मोकळा होतो. २०२४ ला होळी २४ मार्चला होती, आदल्या वर्षी अधिक श्रावण झाला होता. मी दरवर्षीसारखा होळीचा हिशोब धरला, पुण्याहून नणंद मुद्दाम दोन्ही पोरांना घेऊन आली होती, आणि संभाजीनगरहून कन्नड गावाच्या रस्त्याला लागलो तर झाडांवर सगळ्या हिरवट चपट्या शेंगा, फूल म्हणाल तर कुठंतरी एखादं वाळलेलं. पोरं काही बोलली नाहीत पण मला फार वाईट वाटलं, इतक्या लांबून आली होती ती. तेव्हापासून नियमच केलाय, होळी मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असेल तर होळीच्या अलीकडचा आठवडा पकडायचा, आणि होळी मार्चच्या शेवटी असेल तर तिची वाटच बघायची नाही, मार्च लागला की पहिल्या सुट्टीला निघायचं.

याहून पक्की युक्ती म्हणजे आपलं एक झाड ठरवून ठेवा. जपानमध्ये चेरीच्या बहराचं असंच करतात. टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात एक ठरलेलं चेरीचं झाड आहे, हवामान खात्याची माणसं त्या झाडापाशी जाऊन फुलं मोजतात आणि पाच-सहा फुलं उमललेली दिसली की टोकियोत बहर सुरू झाला असं जाहीर करतात, मग सगळं शहर त्या हिशोबानं डबे बांधून बागांमध्ये जातं. क्योतोत तर चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात, म्हणजे १२०० वर्षांच्या. हे वाचलं तेव्हा मला वाटलं की आपण पळसासाठी हे का करू नये. माझं झाड कन्नडच्या अलीकडं आमच्या माहेरच्या बांधावर आहे, आईनं त्याच्या पानांच्या पत्रावळी लावलेल्या मी लहानपणी पाहिल्यात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी भावाला फोन करते आणि एकच विचारते, कळी मिटलेलीच आहे का चोच निघाली? पळसाची कळी बाहेरून काळपट मखमली असते, तिच्यातून केशरी टोक डोकावायला लागलं की ते राघूच्या चोचीसारखंच दिसतं. चोच दिसली की तिथून आठ-दहा दिवसांनी निघायचं, आमचा अंदाज सहसा चुकत नाही. तुमच्या गावाकडं कुणी नसेल तर ऑफिसच्या, शाळेच्या रस्त्यावरचं कुठलंही एक झाड धरा. फूल नसताना ओळखायचं म्हणजे पानं बघायची, एका देठाला तीन मोठी गोल जाडसर पानं असतात, म्हण आहेच आपली. आणि दरवर्षी पहिलं फूल दिसलेली तारीख वहीत लिहा, चार-पाच वर्षांत तुमचंच पंचांग तयार होतं.

चेरीचा विषय निघाला म्हणून तेही सांगून टाकते. दर फेब्रुवारीत ग्रुपवर गुलाबी झाडांचे फोटो फिरतात आणि खाली लिहिलेलं असतं की आपल्या इकडं चेरी ब्लॉसम फुललंय. ती चेरी नसते. चेरीच्या झाडाला बहर यायला हिवाळ्यात शेकडो तास कडाक्याची थंडी मिळावी लागते, आपल्या चार दिवसांच्या गारठ्यात तिचं भागत नाही. भारतात बघायची तर शिलाँगसारख्या ठिकाणी जावं लागतं आणि शिलाँगची हिमालयी चेरी वसंतात नाही, नोव्हेंबरात फुलते. फोटोतलं झाड बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं. मुंबईत विक्रोळीला हायवेच्या कडेला फुलतं ते टॅबेबुया, मूळचं मध्य अमेरिकेकडचं, कर्ण्यासारखी गुलाबी फुलं. आणि आपल्या इकडं रस्त्याच्या, कालव्याच्या कडेला, शेताच्या बांधावर दिसतं ते गिरिपुष्प, ज्याला गावात उंदीरमारी म्हणतात कारण त्याच्या बिया आणि साल उंदरांना मारायला वापरायचे, आणि त्याचा पाला शेतात खत म्हणून टाकतात. पानं झडलेली असतात आणि फांदीभर फिक्या गुलाबी फुलांचे झुबके, लांबून पाहिलं तर खरंच चेरीसारखं वाटतं, मी त्यात कुणाला चूक म्हणणार नाही. तेही थांबून बघण्यासारखं आहे, फक्त त्याला त्याच्या नावानं ओळखा एवढंच.

आता रस्ता. संभाजीनगरहून जाणाऱ्यांनी माझं ऐकायचं तर दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, कन्नड आणि तिथून गौताळा असं जा. वेरूळपर्यंत ३० किलोमीटर, कन्नडपर्यंत ६० च्या आसपास. मोठ्या महामार्गानं गेलात तर लवकर पोचाल पण हाती काही लागणार नाही, जुना घाटाचा रस्ता धरा. दौलताबादचा किल्ला मागं पडला की चढ लागतो, मध्ये जुना दगडी दरवाजा येतो, त्यातून एका वेळी एकच गाडी जाते, तिथं हॉर्न वाजवून उपयोग नाही, शांतपणे थांबायचं. वर आलं की डाव्या-उजव्या उतारावर एकेक पळस सुटा सुटा दिसायला लागतो. वेरूळच्या पुढं मोकळी शेतं, ज्वारी काढलेली, कडबा बांधून ठेवलेला, गव्हाच्या पिवळ्या पट्ट्या, आणि बांधाबांधावर ही केशरी झाडं. कन्नडच्या पुढं गौताळ्यात शिरलं की मग खरा पळस. गौताळा औट्रम घाट हे अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरात पसरलेलं आहे, पानगळीचं जंगल आहे, त्यामुळं मार्चमध्ये सगळा डोंगर तपकिरी-राखाडी पडलेला असतो आणि त्या राखाडीत एकदम पेटल्यासारखी झाडं दिसतात. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून तिकीट काढूनच आत जायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर यायचं.

दिवस कुठला निवडायचा हे नीट बघा. वेरूळच्या लेण्या मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीला गर्दी असते. महाशिवरात्रीला वेरूळला घृष्णेश्वराची यात्रा असते, त्या दिवशी पळसासाठी अजिबात निघू नका, दर्शनाला जायचं असेल तर गोष्ट वेगळी. मला विचाराल तर बुधवार ते शुक्रवारमधला एखादा दिवस रजा टाकून जा. रजा नसेल तर रविवार, पण मग अंधारातच घर सोडायचं. गाडी नसली तरी काही अडत नाही, मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडच्या एसट्या असतात, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांच्या पुढच्यांना फुकट, माझी आई याच हिशोबानं दोनदा माझ्याबरोबर आली. गौताळ्यात शिरायला मात्र कन्नडहून रिक्षा किंवा जीप ठरवावी लागते, परतीचंही त्याच वेळी बोलून घ्या.

अंधारात निघायचं का म्हणते तर त्याचं कारण ऊन नाही, म्हणजे ऊन आहेच, मार्चमध्ये अकरा वाजता डांबर तापायला लागतं. पण खरं कारण पाखरं. पळसाच्या फुलाला वास नसतो, संस्कृतात याच्यावरून सुंदर पण निर्गुण माणसाला टोमणा मारलेला आहे, मला तो कधी पटला नाही, कारण त्या फुलात वासाऐवजी रस असतो आणि तो रस प्यायला सकाळी जी गर्दी होते ती बघितल्याशिवाय पळस बघितला असं म्हणूच नये.

म्हणून माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे, गाडीतून पळस बघू नका. गाडीतून दिसतो तो नुसता रंग. सूर्य उगवून अर्धा तास झाला की एक भरलेलं झाड निवडा, त्याच्यापासून पंधरा-वीस पावलांवर गाडी बंद करून, दार न आपटता उतरा, आणि सावलीचा अंदाज घेऊन सूर्य पाठीमागं राहील असं खाली बसा. चटई न्या, मार्चमध्ये गवतात कुसळं असतात. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही. मग एकेक यायला लागतात. शिंजीर येतो, अंगठ्याएवढा, काळा-जांभळा चमकणारा, फुलाला लटकून चोच आत घालतो. साळुंक्या येतात आणि भांडतात. बुलबुल, कोतवाल, खारुताई तर पूर्ण फूल देठातून कुरतडून खाली टाकते, तुमच्या डोक्यावर पडतं. आणि नशीब असेल तर भोरड्या येतात. भोरडी म्हणजे तीच, ज्वारीवर थव्यानं पडते म्हणून शेतकरी जिला गोफणीनं हाकलतो, डोकं काळं आणि अंग गुलाबी. हिला पळसमैनाही म्हणतात ते उगाच नाही. मध्य आशियाकडून हिवाळ्याला आपल्याकडं येतात आणि एप्रिलपर्यंत परत जातात, जायच्या आधी पळस-सावरीवर मनसोक्त जेवून घेतात. दोन वर्षांपूर्वी एका झाडावर एकदम शंभर-दीडशे उतरल्या, सगळं झाड हलायला लागलं, केशरी फुलांत गुलाबी पाखरं, खाली फुलांचा पाऊस, आणि एवढा कालवा की शेजारी बसलेल्या लेकीचं बोलणं ऐकू येईना. पाच-सात मिनिटांत उडून गेल्या. लेक त्यानंतर बराच वेळ गप्प बसली होती.

पाखरं बघून झाली की एक फूल खालचं उचला, झाडावरचं नको, खाली भरपूर असतात, आणि हातात घेऊन नीट बघा. बोटभर लांब. देठाकडची वाटी काळपट हिरव्या मखमलीची, तिच्यावरून बोट फिरवलं तर खरंच कापडासारखी लागते. पाकळ्या पाच, एक मागं वळलेली मोठी, दोन बाजूच्या, आणि दोन जोडून झालेली ती वाकडी चोच. उन्हात तिरकं धरलं की पाकळीवर बारीक रुपेरी लव दिसते, म्हणूनच लांबून झाड नुसतं केशरी न दिसता झळाळल्यासारखं दिसतं. ताजं पडलेलं असेल तर वाटी काढून मागचं टोक चोखून बघा, गोड थेंब येतो, आम्ही लहानपणी शाळेतून येताना हेच करायचो.

तिथं बसलेलं असताना शेतातून कुणीतरी येतंच. गेल्या वर्षी एक आजोबा बैल पाण्यावर घेऊन चालले होते, थांबले आणि म्हणाले, काय पाहू राह्यले ताई, काही हरपलं का? मी म्हटलं पळस बघायला आलोय बाबा, संभाजीनगरहून. ते झाडाकडं बघून म्हणाले, हा तर माह्या आज्याच्या वेळचा हाय. मग त्यांनीच सांगितलं की आज्याच्या काळात याच्या मुळ्या कुटून दोर वळायचे, डिंक बाळंतिणीला द्यायचे, आणि शेंगेतलं बी जंतावर पोरांना. शेंग चपटी आणि लांब असली तरी बी एकच, तेही टोकाला, त्याला पळसपापडी म्हणतात. तुम्ही मात्र वाचून घरी प्रयोग करू नका, वैद्याला विचारल्याशिवाय पोटात काही घेऊ नका. पण बांधावर बसायचं तर मालकाला एक हाक मारून विचारायचं, एवढं पाळा. हरभऱ्याच्या वावरातून चालत जाऊ नका, आणि हुळा, म्हणजे भाजलेला ओला हरभरा, खायचा मोह झाला तर मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

काही गोष्टी कळकळीनं सांगते. फांदी मोडू नका. फोटोसाठी, केसात माळायला, घरी फ्लॉवरपॉटला, कशालाच नको, तोडलेली पळसाची फांदी संध्याकाळपर्यंत काळी पडते. कुठं पिवळा पळस दिसला तर त्याचं लोकेशन टाकू नका. पिवळा पळस दुर्मिळ असतो, आणि पिवळ्या-पांढऱ्या पळसाबद्दल गुप्तधन, जादूटोणा असल्या समजुती आहेत, त्यापायी लोक साल सोलतात, मुळ्या खणतात, असं ओरबाडलेलं एक झाड मी पाहिलंय आणि त्यानंतर त्या बाजूला जायची माझी इच्छा झाली नाही. विडी-सिगारेट, चूल, कापूर काही पेटवायचं नाही, या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि वणवा एका काडीनं लागतो. अत्तर, परफ्यूम मारून जाऊ नका, डोंगरात आणि लेण्यांत आग्या मोहोळ असतं. मधमाश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं ओढणीनं झाकून लांब निघून जायचं. गाडी रस्ता सोडून बांधाकडं घालू नका, बाभळीचे काटे टायरमध्ये जातात, आमचं चाक एकदा तसंच बसलं आणि स्टेपनीत हवा नाही हे तेव्हा कळलं, दोन तास उन्हात गेले. निघायच्या आदल्या दिवशी स्टेपनीची हवा तपासा.

बरोबर काय न्यायचं? माणशी दोन लिटर पाणी, टोपी किंवा उपरणं, पूर्ण पाय झाकणारे बूट (चप्पल नको), आणि दुर्बीण असेल तर उत्तम. खायला धपाटे. ज्वारीच्या पिठाचे धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी, सकाळी आठला झाडाखाली बसून खाल्लेले धपाटे आमच्या घरात दिवाळीच्या फराळाइतके लक्षात राहतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. दौलताबाद-खुलताबादकडं रस्त्याला जाम मिळाले तर घ्या, बाहेरगावच्यांसाठी सांगते, आपल्याकडं पेरूला जाम म्हणतात.

फोटोचं थोडक्यात. मोबाईलला केशरी रंग झेपत नाही, फूल नुसतं लाल डाग होतं, म्हणून फुलावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा आणि मग काढा. मागं निळं आभाळ येईल असं खालून घ्या. ऊन फुलाच्या पाठीमागून येत असेल तर पाकळ्यांची ती लव उजळते, तो फोटो सगळ्यात सुंदर येतो. नऊच्या नंतर फोन खिशात ठेवला तरी चालेल.

रस्त्याला पळसाशिवायही बरंच भेटतं आणि लोक सगळ्यालाच पळस म्हणतात, तेव्हा फरक सांगते. खोडावर काटे, फांद्या आडव्या, आणि पेल्यासारखी मोठी मांसल पाच पाकळ्यांची लाल फुलं, ती काटेसावर. तिचं फूल पडताना टप् असा आवाज येतो, रात्री झोपेतून दचकायला होतं. याच्यावरही पाखरांची तशीच झुंबड असते आणि एप्रिल-मेमध्ये बोंडं फुटून कापूस उडतो. फांद्यांच्या टोकाला लाल भडक तुरे आणि फांदीला काटे, तो पांगारा. पळसाला काटे नसतात, त्याची फांदी वेडीवाकडी आणि फूल फांदीभर.

होळीचा रंग करायचा असेल तर खाली पडलेली फुलं पिशवीभर गोळा करा, प्लॅस्टिकची नको, कापडी, नाहीतर घाम येऊन कुजतात. घरी आल्यावर काळ्या वाट्या काढून टाकायच्या, पाकळ्या सावलीत तीन-चार दिवस वाळवायच्या. दोन मुठी वाळलेल्या पाकळ्या आणि पातेलंभर पाणी, एक उकळी आणून रात्रभर झाकून ठेवायचं, सकाळी फडक्यानं गाळायचं. सोनेरी पिवळा रंग येतो. त्यात खायचा चुना अगदी चिमूटभर टाकला की डोळ्यांदेखत रंग गडद केशरी होतो, हे पोरांना दाखवाच, मात्र चुना चिमटीपेक्षा जास्त नको, तो डोळ्यात गेला तर त्रास होतो, अगदी लहान मुलं असतील तर टाकूच नका. पांढऱ्या सुती सदऱ्यावर याची फिकी पिवळी छटा राहते. मला ती आवडते, मी दर वर्षी एक जुना सदरा त्यासाठी ठेवते.

परत येताना बाग बघायची असेल तर दुपार कुठंतरी सावलीत काढून चारनंतर शहरात शिरा. वेरूळला लेण्यांत गेलात तर दुपार तिथं थंडाव्यात जाते. खुलताबादला बनी बेगमची बाग आहे, मुघल काळातली चारबाग, म्हणजे बागेचे चार भाग आणि मधून पाण्याच्या पाटांची आखणी, तिथं गर्दी नसते, अर्धा तास बसा. शहरात बीबी का मकबरा. औरंगजेबाचा मुलगा आझम शाह यानं आई दिलरस बानो बेगमसाठी बांधलेला, लोक इमारत बघून, फोटो काढून निघून जातात पण तीही आखीव चारबागच आहे, दरवाजातून आत आलं की लगेच इमारतीकडं न पळता बाजूच्या वाटेनं कडेकडेनं चाला. फुलांचे वाफे मार्चच्या मध्यापर्यंतच बघण्यासारखे राहतात, नंतर उन्हानं करपतात, हे आपल्याकडच्या सगळ्याच बागांचं. आणि मला सगळ्यात जवळची म्हणजे हिमायत बाग. जुनी बाग, आता परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र तिथं आहे, त्यामुळं गेटवर विचारून आत जायचं. तिथले जुने आंबे फेब्रुवारीत मोहरलेले असतात, त्याचा वास गेटपासून येतो, मार्चमध्ये बोराएवढ्या कैऱ्या लागलेल्या असतात. पळसाला वास नाही म्हणून ज्यांना हळहळ वाटते त्यांनी सकाळ पळसाला द्यावी आणि संध्याकाळ या मोहराला. पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान म्हैसूरच्या वृंदावन गार्डनच्या धर्तीवर केलेलं, आमच्या पिढीच्या शाळेच्या सहली तिथंच जायच्या, जायच्या आधी चालू आहे का ते विचारून घ्या.

नांदेड, परभणी, हिंगोलीकडच्यांनी इतक्या लांब यायची गरज नाही, तुमच्याकडं किनवट आहे आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा दाट आहे. मुदखेडहून आदिलाबादला जाणारा रेल्वेमार्ग भोकर, हिमायतनगर, किनवट असा जातो, या दिवसांत सकाळच्या गाडीत खिडकी मिळाली तर तिकिटाचे पैसे वसूल. किनवट-माहूरच्या रस्त्याला सागाचं जंगल आहे, त्याची पानं गळालेली असतात आणि मधूनमधून पळस. मी एकदाच गेले, माहूरला रेणुकामातेचं दर्शन घेऊन येताना गाडी थांबवली तर मागून दुचाकीवरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, कामून थांबलाव, पेट्रोल संपलं का? त्यांनीच मग पुढं नेऊन मोहाची झाडं दाखवली. मोहाची फुलं पहाटे गळतात, मोत्यासारखी पिवळसर पांढरी आणि रसाळ, बायका उजाडायच्या आत टोपल्या घेऊन वेचायला येतात, तेव्हा मोह बघायचा तर मुक्काम किनवटलाच करा आणि मार्चच्या शेवटाकडं जा. बीड-धाराशिवकडच्यांना बालाघाटचा डोंगर आहे, मांजरसुंबा घाट आणि येडशीचं रामलिंग, तिथं माकडं फार, धपाट्यांचा डबा गाडीतच ठेवा.

हे सगळं करूनही उशीर झालाच, पळस गेला, तर एप्रिलच्या शेवटी बहावा धरा, पिवळे झुंबर लटकतात.

आणि ज्यांच्याकडं थोडीशी जागा आहे त्यांच्यासाठी, मे-जूनमध्ये त्याच झाडाखाली पुन्हा एकदा जा. वाळून तपकिरी झालेल्या शेंगा वाऱ्यानं आजूबाजूला पडलेल्या असतात. पाच-सहा उचला, त्याच वर्षीच्या ताज्या पाहिजेत, जुनं बी उगवत नाही. पिशवीत रोप करायच्या भानगडीत पडू नका, याचं मूळ सरळ खोल जातं आणि पिशवीत वेटोळं होतं, पहिला दमदार पाऊस झाला की जिथं झाड हवंय तिथंच दोन बोटं खोल लावा, दोन-तीन बिया एका जागी. जनावरं पळसाच्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, पण पायाखाली तुडवतात, म्हणून भोवती काट्या लावा. मी चार वर्षांपूर्वी माहेरच्या विहिरीकडच्या बांधावर तीन लावल्या होत्या, दोन राहिल्या. अजून कमरेएवढ्याच आहेत, फूल यायला बरीच वर्षं आहेत, भाऊ मात्र आताच फोनवर त्यांचीही खबर देतो.